बोंगोंचा कारभारी: गॅबॉनचे जाँ पिंग

वाकडी_वाट (धागाकर्ता)

आफ्रिकेतल्या लष्करी उठावांवरच्या मागच्या धाग्यात गॅबॉन दोन ओळींत उरकला गेला. माली, नायजर, बुर्किना फासोवर पानंच्या पानं, आणि गॅबॉन म्हणजे 'तेलवाला छोटा देश, बापामागे मुलगा, मग उठाव'. तेव्हाच ठरवलं होतं की यावर वेगळं लिहायचं. राष्ट्राध्यक्षांवर मात्र लिहीत नाही, त्यांच्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं. बोंगो घराण्याने (आधी ओमर, मग मुलगा अली) १९६७ ते २०२३ हा देश कसा राखला, हे मालकांपेक्षा कारभाऱ्याकडे बघितलं की लवकर कळतं असं माझं मत. म्हणून जाँ पिंग.

जन्म २४ नोव्हेंबर १९४२, ओंबुए. पोर्ट-जाँटी या तेलाच्या शहरापासून दक्षिणेला, किनाऱ्यालगतचं गाव. वडील चेंग झ्हीपिंग हे चीनमधल्या वनझौकडचे, १९३० च्या दशकात गॅबॉनला येऊन तिथेच स्थिरावले. आई तिथलीच. मुलगा शिकला, पॅरिसला जाऊन अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, १९७२ मध्ये युनेस्कोत लागला. १९७८ मध्ये त्याच युनेस्कोत गॅबॉनचा स्थायी प्रतिनिधी झाला आणि १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमर बोंगोंनी त्याला राजधानी लिब्रेव्हिलला बोलावून आपल्या कार्यालयाचा प्रमुख केलं. इथून पुढची गोष्ट राजवाड्यातली.

१९९० हे वर्ष गॅबॉनसाठी फार मोठं. तोवर पीडीजी हा बोंगोंचा सत्ताधारी पक्ष एवढा एकच कायदेशीर होता. संप, मोर्चे झाले, राष्ट्रीय परिषद भरली, बहुपक्ष पद्धत मान्य करावी लागली. मे महिन्यात जोसेफ राँजाम्बे हे विरोधी नेते लिब्रेव्हिलच्या हॉटेलात मृतावस्थेत सापडले, पोर्ट-जाँटी पेटलं आणि फ्रान्सने सैन्य उतरवलं. या धामधुमीत पिंग पहिल्यांदा मंत्री झाले. आधी माहिती आणि टपाल-तार, मग खाणी आणि ऊर्जा, पुढे नियोजन. माणूस तोच, दारावरची पाटी बदलायची. ऊर्जामंत्री असताना १९९३ मध्ये ते ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचे अध्यक्षही होते.

परराष्ट्र खात्याचा क्रम मात्र नीट बघा. १९८९ मध्ये अली बोंगो परराष्ट्रमंत्री झाले, वय तिशीचं. १९९१ च्या नव्या घटनेत मंत्र्याचं किमान वय ३५ ठरलं आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्यांच्यानंतर बहीण पास्कालिन. पास्कालिननंतर १९९४ मध्ये काही महिने जाँ पिंग, ज्यांना पास्कालिनपासून दोन मुलं आहेत. म्हणजे अध्यक्षांचा मुलगा, मग मुलगी, मग नातवंडांचा बाप. मधली काही वर्षं ते खातं कासिमिर ओये-म्बा यांच्याकडे होतं. १९९९ मध्ये पिंग परत आले ते २००८ पर्यंत हललेच नाहीत.

ही नऊ वर्षं म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा कळस. २००४-०५ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ५९ व्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेचा मसुदा त्यांच्याच देखरेखीखाली शिजला. मानवाधिकार परिषद, शांतता उभारणी आयोग, आणि सगळ्यात गाजलेलं 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व, म्हणजे एखादं सरकार आपल्याच लोकांचा संहार थांबवत नसेल तर जगाने हस्तक्षेप करायचा, हे सगळं त्या मसुद्यातलं. अमेरिकेचे नवे राजदूत जॉन बोल्टन यांनी ऐनवेळी शेकडो दुरुस्त्या आणून टाकल्या तरी कागद फाटला नाही, याचं श्रेय पिंग यांना द्यायलाच हवं.

२००८ मध्ये ते आफ्रिकी संघाच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून आदिस अबाबाला गेले. २०१२ च्या जानेवारीत फेरनिवडणूक अडली, एकालाही दोन तृतीयांश मतं पडली नाहीत, आणि जुलैत दक्षिण आफ्रिकेच्या न्कोसाझाना द्लामिनी-झुमा यांनी त्यांना हरवलं. घरी परतले तोवर ओमर बोंगो जाऊन तीन वर्षं झाली होती, गादीवर अली होते, आणि पिंग यांना पूर्वीचा मान उरला नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. २७ ऑगस्ट २०१६ ला ते अलींच्या विरोधात उभे राहिले.

अधिकृत निकाल: अली ४९.८० टक्के, पिंग ४८.२३. फरक ५,५९४ मतांचा. संसदेची इमारत पेटवली गेली, पिंग यांच्या प्रचार कार्यालयावर रात्री सैन्याने हल्ला केला, माणसं मेली. घटनात्मक न्यायालयाने महिनाभरात फरक कमी करायच्या ऐवजी वाढवून दिला: ५०.६६ विरुद्ध ४७.२४.

आता माझा मुद्दा. २००३ मध्ये गॅबॉनने घटना बदलली. अध्यक्षाला कितीही वेळा उभं राहायची मुभा दिली, आणि दोन फेऱ्यांची निवडणूक एका फेरीवर आणली. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, निम्म्याची अट नाही. जुना नियम टिकला असता तर ४९.८० ला कोणी विजयी ठरलं नसतं, दुसरी फेरी घ्यावी लागली असती, आणि तिथे पिंग यांची बाजू भक्कम होती. २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कोण होतं? पिंगच. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला नाही. वृद्ध बोंगोंना दुसऱ्या फेरीचा ताप नको म्हणून केलेला नियम तेरा वर्षांनी त्याच मंत्रिमंडळातल्या माणसाच्या मुळावर आला.

त्यांना लोकशाहीचा योद्धा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण २०१६ ला ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांची फसवणूक झाली यातही मला शंका नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात ना? बोला.

तिखटजाळ

लेख झकास, पण शेवटी उगाच मऊ झालात. घरजावई म्हणून पंगतीला बसले, तीस वर्षं जेवले, वाढपी बदलला तेव्हा म्हणाले जेवण बेचव आहे. यात फसवणूक कोणाची?

आणि एकटे पिंगच कशाला? २०१६ ला त्यांच्यासाठी माघार घेतली ती कोणी? ओये-म्बा, म्हणजे बोंगोंचे माजी पंतप्रधान. न्झूबा-न्दामा, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं संसदेचे अध्यक्ष. हा विरोधी पक्ष की माजी मंत्र्यांचं स्नेहसंमेलन?

वाकडी_वाट

@तिखटजाळ, मान्य. पण ज्या देशात १९९० पर्यंत दुसरा पक्षच कायदेशीर नव्हता, तिथे राज्यकारभार शिकलेला माणूस राजवाड्याबाहेर मिळणार कुठून? बाहेर राहिलेले लोकही होते. फादर पॉल म्बा आबेसोल हे कॅथलिक धर्मगुरू १९९३ ला ओमर बोंगोंविरुद्ध लढले, त्या निकालावरही दंगली झाल्या. पुढे तेच सरकारात जाऊन मंत्री झाले. ओमर बोंगोंची पद्धत हीच होती. माणूस आत ओढला की बाहेर आवाज करायला कोणी राहत नाही. तेलाचे पैसे होते तोवर हे परवडलं.

अनुजा_के

'संरक्षणाची जबाबदारी' याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला पिंग यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात विचित्र वाटतो.

२००५ च्या दस्तावेजातले परिच्छेद १३८ आणि १३९. महासभेचे अध्यक्ष म्हणून पिंग यांनी ते तडीस नेले. आफ्रिकी देशांनी तेव्हा याला विरोध केला नाही हे विशेष. रवांडातला १९९४ चा वंशसंहार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि आफ्रिकी संघाच्या स्वतःच्या घटनेतही हस्तक्षेपाचा अधिकार लिहिलेला आहे.

आता मार्च २०११. सुरक्षा परिषदेने ठराव १९७३ संमत केला, लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी 'सर्व आवश्यक उपाय'. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. दक्षिण आफ्रिका, नायजेरिया आणि गॅबॉन या परिषदेतल्या तिन्ही आफ्रिकी देशांनी बाजूने मत दिलं. होय, गॅबॉनने सुद्धा! आणि आदिस अबाबात बसलेले गॅबॉनचेच पिंग, आफ्रिकी संघाच्या वतीने, गद्दाफींशी बोलून युद्धविराम घडवायची योजना पुढे रेटत होते. संघाने पाच राष्ट्राध्यक्षांची समिती नेमली होती. ती लिबियात पोचणार तेवढ्यात १९ मार्चला बॉम्बफेक सुरू झाली आणि तिला उड्डाणाची परवानगीच नाकारली गेली. एप्रिलमध्ये समिती त्रिपोलीला गेली, गद्दाफींनी होकार दिला, दुसऱ्या दिवशी बेंगाझीत बंडखोरांनी साफ नकार दिला. गद्दाफींना जायला सांगणार नसाल तर बोलायचं काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

म्हणजे ज्या कागदावर शिक्कामोर्तब करताना पिंग व्यासपीठावर होते, त्याच कागदाचा आधार घेऊन त्यांना बाजूला सारलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांची आयोगाची खुर्ची गेली त्यामागे लिबियातली ही नाचक्की हे एक कारण होतंच. दक्षिण आफ्रिकेला आदिसमध्ये अधिक ठाम माणूस हवा होता, आणि फ्रान्सच्या छायेतल्या देशाचा तर नकोच होता.

कायद्याचं_बोला

लेखात न्यायालयाचा भाग एका ओळीत गेला म्हणून भर घालतो. मला यातलं हेच जास्त रंजक वाटतं.

प्रत्येक मतदान केंद्रावर मोजणी झाली की निकालपत्रक भरतात आणि त्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या होतात. पिंग यांची मागणी साधी होती: ओत-ओगोवे प्रांतातली पत्रकं केंद्रागणिक समोरासमोर ठेवा आणि बेरीज पुन्हा करा. हा अलींचा बालेकिल्ला. तिथे अधिकृत मतदान ९९.९३ टक्के, त्यातली ९५.४६ टक्के मतं अलींना. उरलेल्या देशाचं मतदान त्यापेक्षा कितीतरी कमी, एकूण सरासरीच साठच्या आत. युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी या प्रांतात उघड विसंगती असल्याचं जाहीरपणे म्हटलं.

न्यायालयाने काय केलं, तर ओत-ओगोवे जसाच्या तसा ठेवला आणि राजधानीतल्या काही केंद्रांचे निकाल रद्द केले. अलींचा आकडा पन्नासच्या वर गेला तो असा.

न्यायालयाच्या अध्यक्ष होत्या मारी-मादलेन म्बोरांत्सुओ. १९९१ मध्ये न्यायालय स्थापन झाल्यापासून त्याच, २०२३ च्या उठावापर्यंत त्याच. ओमर बोंगोंपासून त्यांना मुलं आहेत, हे फ्रेंच वृत्तपत्रांत अनेकदा छापून आलं आहे. म्हणजे एका बाजूला उमेदवार अली, ज्यांच्या वडिलांशी न्यायाधीशांचे असे संबंध. दुसऱ्या बाजूला अर्जदार पिंग, ज्यांचे उमेदवाराच्या बहिणीशी तसेच संबंध. 'मी या खटल्यात बसत नाही' असं म्हणायची कोणालाच सोय नव्हती.

गणिती_बाई

९९.९३ म्हणजे दर दहा हजार मतदारांत घरी राहिले फक्त सात. आजारी, बाळंत, बाहेरगावी गेलेले आणि यादीतून नाव न काढलेले मृत धरून सात.

माझ्या मते ही लबाडी घाईत झाली. ५,५९४ ची आघाडी काढायला इतका आकडा लागत नाही, सवडीने केलं असतं तर ८५ टक्क्यांतही भागलं असतं. बाकीच्या आठ प्रांतांचे आकडे जाहीर होऊन गेले होते, सगळा खड्डा एकाच प्रांतातून भरायचा होता. ओत-ओगोवेचा निकाल सगळ्यात शेवटी आला हे लक्षात घ्या.

नकोककर

धागा बघून लॉगिन केलं. मी लिब्रेव्हिलजवळ नकोकच्या विशेष आर्थिक क्षेत्रात एका विनियर कारखान्यात कामाला आहे, २०१६ लाही इथेच होतो. गॅबॉनने २०१० मध्ये अख्खे ओंडके निर्यात करायला बंदी घातली, तेव्हापासून आपल्याकडचे बरेच लाकूडवाले इथे आले. ओकुमे या इथल्या झाडाचा ओंडका पीलिंग मशीनवर चढवला की कागदासारखी गुलाबट पट्टी सुटत जाते, तेच फेस विनियर म्हणून गांधीधामला जातं. आपल्या घरातल्या प्लायवूडच्या वरच्या थराचं झाड बऱ्याचदा इथलं असतं.

निकाल लागला त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं शांत होतं. मग एकदम धूर. इंटरनेट बंद. आमच्या गाड्या जिथल्या तिथे थांबल्या, कामगार आलेच नाहीत. काही दिवसांनी इंटरनेट आलं ते फक्त दिवसाचं, संध्याकाळी सहा वाजले की गायब, सकाळी सहाला परत. माणसांवरची संचारबंदी ऐकली होती, नेटवरची पहिल्यांदा बघितली. गांधीधामच्या ऑफिसला पॅकिंग लिस्ट पाठवायची तर पाचच्या ठोक्याला सगळे कॉम्प्युटरला चिकटलेले. घरचे रात्री फोन लागत नाही म्हणून हवालदिल.

पिंगबद्दल आमच्या मशीनवरचे लोक काय बोलायचे ते सांगतो. त्यांना पिंग फार आवडायचे असं नाही. 'जुनाच माणूस आहे, पण बोंगो आडनावाचा नाही' एवढी एकच पात्रता. निवडणुकीत त्यांना 'चिनी' म्हणून हिणवलं जायचं, आणि उलट बाजूने अलींवर 'हा मूळचा गॅबॉनचाच नाही, नायजेरियातल्या बियाफ्रातून दत्तक आणलेला' असा आरोप. अलींनी तो कायम फेटाळला. दोघांच्या जन्माची चर्चा इतकी की पाणी, वीज आणि रस्ते यांवर कोणी बोललं नाही. तेल इतकं निघतं, तरी आमच्या भागात वीज जायची ती जायचीच.

बॅटरीवाला

ओत-ओगोवे म्हणजे मोआंदाची मँगनीज खाण जिथे आहे तोच प्रांत ना? जगातल्या सगळ्यात मोठ्या मँगनीज साठ्यांपैकी एक. आमच्या धंद्यात गॅबॉनचं नाव या एकाच कारणासाठी ऐकलं होतं.

ओपेकचं एक कळलं नाही. १९९३ ला यांचा माणूस अध्यक्ष, आणि १९९५ ला गॅबॉन ओपेकच्या बाहेर?

वाकडी_वाट

@बॅटरीवाला, हो, तोच प्रांत, आणि ओमर बोंगोंचं मूळ गावही तिकडचंच. लेवाई नावाचं गाव, पुढे त्याचं नावच बोंगोव्हिल झालं. पोर्ट-जाँटीत तेल, मोआंदात मँगनीज, आणि मँगनीज बंदरापर्यंत न्यायला देशाच्या आरपार बांधलेली रेल्वे. ती १९८६ मध्ये फ्रान्सव्हिलपर्यंत पोचली.

ओपेकमधून बाहेर पडायचं कारण वर्गणी. छोट्या उत्पादकालाही मोठ्यांइतकीच वर्गणी भरावी लागायची, ती गॅबॉनला जड झाली. २०१६ मध्ये परत आत गेले.

@नकोककर, तुम्ही लिहिलंत ते कुठेच वाचायला मिळत नाही. अजून येऊ द्या.

निवृत्त_टपाली

पिंग टपाल खात्याचेही मंत्री होते हे वाचून बरं वाटलं!

२००५ मध्ये भारताला सुरक्षा परिषदेत कायम जागा मिळणार म्हणून आपल्याकडे पेपर भरभरून लिहीत होते. ते पिंग यांच्याच काळातलं ना? मग अडलं कुठे?

अनुजा_के

काका, बरोबर, त्याच अधिवेशनातलं. जुलै २००५ मध्ये भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान या चौघांनी महासभेत मसुदा मांडला. सहा नव्या कायम जागा, त्यांतल्या दोन आफ्रिकेला. नकाराधिकाराचा प्रश्न पंधरा वर्षं पुढे ढकलायची तयारी होती. दोन तृतीयांश मतं हवी होती आणि ती आफ्रिकेच्या पन्नासहून जास्त मतांशिवाय शक्यच नव्हती.

पण आफ्रिकी संघाने त्याच वर्षी मार्चमध्ये स्वाझीलँडमधल्या एझुल्विनी इथे ठरवून टाकलं होतं की दोन कायम जागा हव्यात आणि त्या नकाराधिकारासकट हव्यात. ऑगस्टमध्ये आदिसला बैठक भरली, चौघांशी तडजोड करायची की नाही यावर, आणि उत्तर नाही असं आलं. पाकिस्तान, इटली वगैरेंचा तिसरा मसुदा होताच. तिघांपैकी एकही मताला टाकला गेला नाही.

यात पिंग यांनी भारताचं नुकसान केलं असं मला वाटत नाही. सभेच्या अध्यक्षाच्या हातात फारसं काही नव्हतं. दोन आफ्रिकी जागा नक्की कोणाला, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया की इजिप्त, हे त्यांचं आपसात ठरत नव्हतं. न ठरवता मोडायचं असेल तर नकाराधिकाराची अट ही उत्तम ढाल होती. आजही आफ्रिकी संघ एझुल्विनीवरच आहे.

तिखटजाळ

अजून एक विसंगती. २०१० च्या डिसेंबरात कोत दिव्वारमध्ये (आयव्हरी कोस्ट) राष्ट्राध्यक्ष ग्बाग्बो निवडणूक हरले आणि खुर्ची सोडेनात. तिथेही घटनात्मक परिषदेने उत्तरेतली मतं रद्द करून हरलेल्याला जिंकवलं होतं. तेव्हा आफ्रिकी संघाच्या वतीने आबिजानला कोण गेलं? पिंग. अखेर ग्बाग्बोंना हटवलं ते संयुक्त राष्ट्रांच्या आणि फ्रेंच फौजांच्या मदतीने.

२०१६ मध्ये हाच खेळ पिंग यांच्या वाट्याला आला, तेव्हा आफ्रिकी संघाच्या शिष्टमंडळाची लिब्रेव्हिलभेट पुढे ढकलली गेली. त्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते चाडचे इद्रिस देबी, जे १९९० मध्ये बंदुकीच्या जोरावर सत्तेत आले होते. या संघटनेचा कारभार चार वर्षं पिंग यांनीच सांभाळलेला.

कायद्याचं_बोला

@तिखटजाळ, हा मुद्दा जोरदार. फक्त एक फरक आहे. कोत दिव्वारमध्ये निकाल प्रमाणित करायचा अधिकार शांतता कराराखाली संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे होता, म्हणून बाहेरच्यांना पाय ठेवायला जागा मिळाली. गॅबॉनमध्ये असं काही नव्हतं. तिथे शेवटचा शब्द म्बोरांत्सुओंचा.

वाकडी_वाट

आदिसवरून आठवलं. आफ्रिकी संघाचं आदिसमधलं नवं मुख्यालय, ती उंच काचेची इमारत, चीनने २० कोटी डॉलर खर्चून भेट दिली. उद्घाटन जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे आयोगाचे अध्यक्ष पिंग असतानाच. वनझौहून आलेल्या माणसाचा मुलगा यजमान. २०१८ मध्ये फ्रेंच वृत्तपत्राने बातमी दिली की त्या इमारतीतल्या सर्व्हरवरून रोज रात्री माहिती शांघायला जात होती. चीनने इन्कार केला. यावरून कोणी पिंग यांच्यावर काहूर उठवलं तरी मला त्यात दम वाटत नाही. इमारतीचा करार त्यांच्या आधीचा.

गणिती_बाई

बियाफ्रा आणि वनझौ झालं, आता भूगोलाचा प्रश्न. इक्वेटोरियल गिनीशी बेटांवरून भांडण होतं ना यांचं? ते पिंग यांच्या काळातलंच?

वाकडी_वाट

हो, म्बानिए, कोकोतिए आणि काँगा. आकार नगण्य, पण आजूबाजूच्या समुद्रात तेलाची आशा. २००३ मध्ये संरक्षणमंत्री अली बोंगो म्बानिएवर जाऊन आले आणि ठिणगी पडली. त्याच वर्षी गॅबॉनने १९७४ चा बाता करार पुढे केला: ओमर बोंगो आणि इक्वेटोरियल गिनीचे तेव्हाचे हुकूमशहा मासियास न्गेमा यांनी बेटं गॅबॉनची असल्याचं मान्य केलेला. गंमत म्हणजे मूळ प्रत कुणाकडेच नाही, गॅबॉनकडेही फक्त छायाप्रती. तीस वर्षं त्या कराराचा कोणी उल्लेख केला नव्हता. परराष्ट्र खातं पिंग यांच्याकडे असल्याने ही बाजू जगापुढे मांडायची वेळ त्यांच्यावरच आली.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि मे २०२५ मध्ये निकाल गॅबॉनच्या विरोधात लागला. बाता कराराला कायद्याचं बळ नाही, बेटं स्पेनकडून इक्वेटोरियल गिनीकडे आली, असं न्यायालयाने म्हटलं.

तिखटजाळ

छायाप्रतीवर बेटं मागणारं खातं. आणि मग तेच गृहस्थ निकालपत्रकांच्या मूळ प्रती मागतात. मी गप्प बसतो.

नकोककर

पिंगसाहेबांचं पुढे काय असं कोणी विचारलं नाही, म्हणून सांगतो. २०१६ नंतर कितीतरी दिवस ते स्वतःला 'निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष' म्हणवत होते, मध्ये त्यांना देशाबाहेर जायला मनाई झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अलींना रियाधमध्ये पक्षाघात झाला, तेव्हा लोकांना वाटलं आता तरी काही होईल. जानेवारी २०१९ मध्ये काही सैनिकांनी आकाशवाणी केंद्र ताब्यात घेतलं, दुपारपर्यंत चिरडले गेले. ३० ऑगस्ट २०२३ ला पहाटे अली ६४ टक्क्यांनी जिंकल्याचं जाहीर झालं आणि थोड्याच वेळात सैन्याचे लोक टीव्हीवर. त्या दिवशी आमच्या फाटकाबाहेर लोक नाचत होते. पिंगचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं.

नव्या घटनेत अध्यक्षपदासाठी वयाची कमाल मर्यादा ७० आहे. ते ऐंशीच्या पुढे. दार बंद झालं. बाय द वे, तीच घटना दोन फेऱ्यांची निवडणूक परत घेऊन आली आहे.

बॅटरीवाला

आणि एप्रिल २०२५ मध्ये उठावाचे नेते जनरल ओलिगी न्गेमा जिंकले ते ९४.८५ टक्क्यांनी, पहिल्याच फेरीत. जनरल ओत-ओगोवेचेच का हो?

नकोककर

जन्म तिकडचाच, आणि एकेकाळी ओमर बोंगोंचे एडीसी, म्हणजे लष्करी सहायक. पण माझ्या समोरच्या केंद्रावर लोक खरंच त्यांना मत द्यायला आले होते हेही सांगतो. इथे ९९.९३ सारखं वाटलं नाही, निदान मला तरी.

अनुजा_के

त्यांच्या विरोधात उभे होते ते बिली-बाय-न्झे ना? अलींचे शेवटचे पंतप्रधान. २०१६ मध्ये सरकारचे प्रवक्ते म्हणून ओत-ओगोवेच्या आकड्यांचं समर्थन करणारे तेच. २०२५ मध्ये त्यांना ३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तक्रार काय, तर स्पर्धा बरोबरीची नव्हती. वाकडी_वाट, पुढचा धागा यांच्यावर काढा.

वाकडी_वाट

काढतो. पण ते राष्ट्राध्यक्षांच्या घरातले नाहीत, विद्यार्थी चळवळीतून आलेले आणि नंतर पक्षात गेलेले आहेत. त्यामुळे गोष्ट जरा वेगळी पडेल. नकोककर, तुमच्याकडे २०२५ च्या प्रचाराचे फोटो असतील तर व्यनि करा.